ठरवले होते वेगळेच

नारायण पेठेत पत्र्या मारुतीच्या दर्शनाला सायंकाळी येणाऱ्या ज्येष्ठांच्या बोलण्यात एक वाक्य वरचेवर कानी पडते : ‘ठरवले होते वेगळेच.’ कोणी यात्रेची सर्व सिद्धता केलेली असते आणि न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडते. कोणी निवृत्तीनंतर पत्नीसह हिंडण्याचे बेत आखलेले असतात आणि तिच्या पक्षाघाताने तेच बेत औषधांच्या वेळापत्रकात विरून जातात. अशा वेळी भेटावयास आलेला प्रत्येक जण ‘देवावर भरवसा ठेवा’ असे सांगून जातो. सांगणारा निघून जातो; रात्री कूस बदलून देण्याचे काम मात्र घरच्यांनाच करावे लागते. मग हा भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके करायचे काय?

या प्रश्नाचे एक उत्तर याच पेठेतील केसरीवाड्याच्या इतिहासात आहे. २४ जून १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षे पूर्ण व्हायची होती. मधुमेह आधीपासून जडलेला होता. वृत्तपत्र, चळवळ, संसार सारे जागच्या जागी राहिले. शिक्षेपूर्वी न्यायालयात त्यांनी आपले निर्दोषत्व ठामपणे सांगितले. मात्र जगाचे नियमन करणारी न्यायालयाहून श्रेष्ठ शक्ती आहे आणि आपण अंगीकारलेल्या कार्याचा उत्कर्ष कदाचित आपल्या कष्टांतूनच व्हावा अशी तिची इच्छा असेल, असेही ते म्हणाले.

एवढेच म्हणून ते थांबले असते, तर ती एक बाणेदार उक्ती ठरली असती. पण मंडालेच्या तुरुंगात त्यांनी दिवस कसा घालविला ते पाहिले म्हणजे त्या भरवशाचे स्वरूप कळते. पथ्य सांभाळले, जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास केला आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच्या सुमारे पाच महिन्यांत, ‘गीतारहस्या’चा खर्डा पेन्सिलीने लिहून काढला. कार्यसिद्धीसाठी गीतेच्या अठराव्या अध्यायात पाच कारणे सांगितली आहेत. त्यांत दैव पाचवे आहे. कर्ता, साधने आणि प्रयत्न यांची गणना त्याच्या आधी होते. हा क्रम मला फार सूचक वाटतो. ‘सर्व देवाच्या हाती’ म्हणून इन्सुलिन चुकविणारे किंवा डॉक्टरांना न विचारता औषध घेऊन निर्जळी एकादशी करणारे गृहस्थ आपण पाहतो. औषध चालू आणि पोट रिकामे, अशा स्थितीत रक्तातील साखर एकदम उतरून शुद्ध हरपू शकते. श्रद्धेला असली परीक्षा कोणी सांगितलेली नाही.

तथापि या कथेतील सर्वांत कठीण भाग ग्रंथलेखन नव्हे. जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात निवर्तल्या आणि ती वार्ता मंडालेला तारेने पोहोचली. त्यानंतर घरी धाडलेल्या पत्रात टिळकांनी आपले दुःख झाकले नाही. अखेरच्या वेळी आपण तिच्याजवळ असू शकलो नाही ही खंत त्यांनी बोलून दाखविली आणि मुलांच्या शिक्षणात खंड पडू देऊ नये अशी काळजीही व्यक्त केली. गीतेवर शेकडो पृष्ठे लिहून झालेल्या माणसाचे हे पत्र होते. देवावर विश्वास असलेल्याने रडू नये, असे ज्यांना वाटते त्यांनी ते अवश्य ध्यानात घ्यावे. आज आपल्या पेठांतील कितीतरी घरांतली मुले परदेशी असतात. विमान मिळेपर्यंत सारे आटोपलेले असते. त्यांना ‘का आला नाहीस?’ असे विचारण्यापूर्वी ती किती असहाय होती याचा विचार व्हावा. दूर असलेल्याने दोन ओळी लिहाव्यात, फोनवर आईचे नाव घेऊन बोलावे. इतके तरी शक्य असते.

आणखी एक गोष्ट शुश्रूषा करणाऱ्यांसाठी. टिळकांचा गीतेशी पहिला परिचय रुग्णशय्येपाशी झाला. १८७२ साली वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात गीतेवरील एक प्राकृत टीका त्यांना वाचून दाखविण्याचे काम या सोळा वर्षांच्या मुलाकडे आले होते, असे त्यांनीच ‘गीतारहस्या’च्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. तेव्हा अर्थ पुरता उमगणे शक्य नव्हते, तरी संस्कार टिकला. आपल्या रुग्णालाही रोज दहा मिनिटे काही वाचून दाखवावे. पोथी असो, ज्ञानेश्वरी असो वा वर्तमानपत्र. परिचित आवाज कानी पडणे महत्त्वाचे. औषध देऊन झाल्यावर दिवा मंद करून वाचले, तर वाचणाऱ्याचाही दिवसभराचा त्रागा थोडा ओसरतो. रुग्ण मध्येच झोपी गेला तर पुस्तक हलकेच मिटावे.

१६ जून १९१४ च्या रात्री टिळकांना पुण्यात आणून वाड्यात सोडण्यात आले. सत्यभामाबाई नव्हत्या. ‘गीतारहस्या’च्या वह्या अद्याप सरकारच्या ताब्यात होत्या आणि त्या मिळतील की नाही याची सुहृदांना शंका होती. वह्या गेल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, तो पुन्हा लिहून काढू, असे टिळक म्हणाल्याचे सांगतात. पुढे वह्या परत आल्या आणि १९१५ साली ग्रंथ छापून वाचकांच्या हाती पडला.