खुला लिलाव आणि खुला कोड

निफाड तालुक्यात गोदाकाठी वसलेल्या सायखेड्यात पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार भरतो. कांद्याच्या ट्रॉलीभोवती माणसे जमतात, बोली सगळ्यांच्या कानावर पडते. लिलाव कोणीही पाहावा. बोली मात्र परवानाधारक व्यापाऱ्यानेच लावायची. उघड असणे वेगळे आणि कोणीही काहीही करणे वेगळे, हे इथल्या शेतकऱ्याच्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. तीच मुले नाशिकला अभियांत्रिकी शिकायला गेली, की ओपन सोर्सबद्दल मात्र भलतेच समज घेऊन परततात.

गैरसमज १ : ओपन सोर्स म्हणजे कोणीही यावे आणि कोड बदलावा.

वस्तुस्थिती : कोड वाचण्याचा आणि आपल्या प्रतीत बदलण्याचा हक्क परवान्याने सगळ्यांना मिळतो. मूळ प्रतीत बदल घेण्याचा अधिकार प्रकल्प सांभाळणाऱ्या मोजक्या मेंटेनरांकडे असतो.

मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट घ्या. हिशेब, गोदामातला साठा, पावत्या सांभाळणारी ही प्रणाली जीपीएल परवान्याखाली खुली आहे. समजा, निफाडच्या एका विद्यार्थिनीला अशा प्रणालीत चूक सापडली : किलोचे क्विंटल करताना दशांश चिन्हापुढचे आकडे गळतात. ती आपली प्रत काढते, दुरुस्ती करते आणि ‘पुल रिक्वेस्ट’ पाठवते, म्हणजे हा बदल मूळ कोडात घ्या अशी विनंती करते. सोबत एक चाचणी जोडते. जुना कोड तिच्यात नापास होतो, नवा पास होतो. आधी संगणक सगळ्या चाचण्या आपोआप चालवून पाहतो. मग माणूस बदललेली ओळ न् ओळ वाचतो आणि विचारतो, “वजन शून्य आले तर काय होईल? जुन्या पावत्यांचे आकडे हलणार नाहीत ना?” उत्तर पटले की बदल मर्ज होतो, म्हणजे मूळ कोडात जातो. हाच कोड रिव्ह्यू.

गैरसमज २ : पदे ओळखीने किंवा कंपनीच्या जोरावर मिळतात.

वस्तुस्थिती : १९९९ मध्ये स्थापन झालेल्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये पायऱ्या ठरलेल्या आहेत. वापरणारा, हातभार लावणारा, मग कोडात थेट बदल करू शकणारा कमिटर आणि त्यावर प्रकल्पाचे व्यवस्थापन मंडळ. कमिटरपद कामाच्या जोरावर आणि व्यक्तीला मिळते. नोकरी बदलली तरी ते तिच्याकडेच राहते. कंपनीला त्या जागी दुसरा माणूस बसवता येत नाही.

मतदानाचेही नियम आहेत. होकाराला ‘अधिक एक’, नकाराला ‘उणे एक’. कोडातल्या बदलाला कमिटरचा एक नकारही अडवू शकतो, पण त्याला तांत्रिक कारण द्यावे लागते. कारण नसेल तर तो नकार बाद. नवी आवृत्ती जाहीर करायची तर मंडळाच्या सदस्यांचे किमान तीन होकार लागतात, आणि जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या सदस्याला मत देता यावे म्हणून सहसा ७२ तास मतदान खुले ठेवतात.

गैरसमज ३ : संस्थापकाचा शब्द कायम शेवटचा.

वस्तुस्थिती : पायथन भाषेत बरीच वर्षे तसेच होते. एका प्रस्तावावरून कडाक्याचा वाद झाल्यावर जुलै २०१८ मध्ये पायथनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. वारसही नेमला नाही. मुख्य डेव्हलपरांनी चर्चा आणि मतदान करून पाच जणांच्या निवडून येणाऱ्या परिषदेची पद्धत स्वीकारली. पहिली परिषद २०१९ मध्ये आली. एकाच कंपनीचे दोनांपेक्षा जास्त सदस्य त्यात बसू शकत नाहीत.

गैरसमज ४ : सगळे जग कोड पाहते, म्हणजे चूक राहूच शकत नाही.

वस्तुस्थिती : पाहता येणे आणि कोणीतरी खरोखर पाहणे यांत मोठे अंतर आहे. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधला ‘हार्टब्लीड’ दोष रिव्ह्यूतून निसटला, २०१२ मध्ये आवृत्तीत गेला आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड होईपर्यंत जगभरच्या सर्व्हरवर राहिला.

एक्सझेडची गोष्ट त्याहून चटका लावणारी आहे. लिनक्सच्या असंख्य संगणकांवर असलेले हे फाइल आकुंचित करणारे साधन प्रामुख्याने एकच माणूस मोकळ्या वेळेत सांभाळत होता. जिया टॅन या नावाने आलेल्या कोणीतरी दोनेक वर्षे उपयोगी काम केले, विश्वास मिळवला, अधिकार मिळवले आणि २०२४ च्या सुरुवातीला चोरदरवाजा बसवला. तो उघडणारा महत्त्वाचा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या कोडसाठ्यात नव्हताच. फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असे जाणवले, त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केले. थकलेल्या एकट्या मेंटेनरच्या भरवशावर एवढा भार टाकणे हीच खरी चूक होती.

गैरसमज ५ : प्रकल्प हाती असणाऱ्यांनी मनमानी केली, तर इलाज नाही.

वस्तुस्थिती : इलाज परवान्यातच आहे. ओरॅकल कंपनीकडे गेलेल्या ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या भवितव्याची काळजी वाटू लागली, तेव्हा अनेक डेव्हलपर सप्टेंबर २०१० मध्ये कोडची प्रत घेऊन बाहेर पडले आणि लिब्रेऑफिस उभे राहिले. आज ते मराठीतही वापरता येते.

गैरसमज ६ : रिव्ह्यू म्हणजे नवख्याचा पाणउतारा.

वस्तुस्थिती : शेरे कोडावर असतात, आणि ते जुन्याजाणत्यांनाही चुकत नाहीत. लिनक्समध्ये २००४ पासून प्रत्येक बदलाखाली पाठवणाऱ्याची सही लागते : हा कोड देण्याचा मला हक्क आहे, अशी ती ग्वाही. तपासणाऱ्याचे नावही तिथेच नोंदवता येते. श्रेय आणि जबाबदारी दोन्ही लेखी राहतात.

सायखेडा, चांदोरी, निफाडच्या ज्या मुलामुलींना या कामात उतरायचे आहे, त्यांनी पहिला बदल पाठवण्याआधी प्रकल्पाची नियमांची फाइल वाचावी. मग दुसऱ्या कोणाची पुल रिक्वेस्ट उघडावी, आपल्या संगणकावर चालवून पाहावी आणि काय आढळले ते तिच्याखाली लिहावे. मेंटेनरांना सर्वांत मोठी टंचाई याच मदतीची आहे, आणि बहुतेक प्रकल्पांत ती करायला कोणत्याही पदाची गरज नाही.