हृदयाचा एमआरआय : प्रत्यक्ष की अनुमान?

तत्त्वज्ञानाचा माणूस एमआरआयवर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण आजचा प्रश्न आमच्याच अंगणातला आहे. हृदयाच्या एमआरआयमध्ये डॉक्टरांना जे धडधडतं हृदय दिसतं, ते खरंच ‘दिसतं’ का?

आधी यंत्र समजून घेऊ. यात क्ष-किरण नसतात. आपल्या शरीरात पाणी भरपूर. त्यातल्या हायड्रोजनचं केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, इवल्याशा चुंबकासारखं वागतं. यंत्राचं चुंबकीय क्षेत्र बहुधा १.५ टेस्ला असतं, पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण ३० हजार पट. त्यात हे प्रोटॉन कललेल्या भोवऱ्यासारखे डुलतात, सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा. नेमक्या त्याच वारंवारतेची रेडिओलहर दिली की त्यांचा समतोल ढळतो. लहर थांबली की ते पूर्वस्थितीला येऊ लागतात आणि क्षीण संदेश देतात. स्नायू, रक्त, चरबी यांचा परतण्याचा वेग वेगवेगळा, म्हणून चित्रात छटा उमटतात. संदेश कुठून आला हे कळावं म्हणून क्षेत्राची ताकद जागेनुसार थोडी बदलतात. ही युक्ती लॉटरबर यांनी १९७३ साली मांडली. २००३ चं नोबेल त्यांना आणि मॅन्सफिल्ड यांना मिळालं.

आता खरी अडचण. गुडघा स्वस्थ पडून राहतो, हृदय नाही. समजा, एका चित्राला १४४ ओळींची माहिती लागते आणि एका ठोक्यात, ठरावीक क्षणी, १२ ओळीच मिळतात. मग १२ ठोके थांबायचं. ठोका कधी सुरू झाला हे ईसीजी सांगतो. तिथून तेवढ्याच अंतरावर दर वेळी पुढच्या १२ ओळी घ्यायच्या. तोवर रुग्णाने श्वास रोखायचा.

म्हणजे बघा, पडद्यावर दिसणारा तो एक ठोका तसा कधी पडलेलाच नसतो! ती बारा ठोक्यांची गोधडी असते.

नैयायिक याला अनुमान म्हणतील. धुरावरून अग्नी ओळखायचा तर ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती हवी. इथली व्याप्ती अशी : प्रत्येक ठोका आधीच्यासारखाच आहे. ठोके अनियमित असले की ती मोडते आणि चित्र पुसट होतं. मग वेडेवाकडे ठोके वगळतात, किंवा बारकाव्यांवर थोडं पाणी सोडून झटपट चित्रण करतात.

हा काही शब्दांचा खेळ नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, हृदयाच्या भिंतीचा एक भाग हलत नाहीये. तो मेलाय, की रक्ताअभावी नुसता निपचित पडलाय? हालचालीवरून हे कळत नाही. म्हणून शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देतात आणि साधारण १० ते २० मिनिटांनी चित्र घेतात. निरोगी स्नायूतून ते लवकर निघून जातं, व्रणात रेंगाळतं. व्रण पांढरा दिसतो. तो भिंतीच्या जाडीत थोडाच असेल, तर रक्तपुरवठा सुधारल्यावर तो भाग पुन्हा हलण्याची शक्यता चांगली. जाडीभर असेल तर फार कमी. बायपास करायची की नाही, हे ठरवताना याचा उपयोग होतो.

पण पांढरं म्हणजे झटक्याचाच व्रण असंही नाही. स्नायूच्या दाहातही तसं दिसतं. झटक्याचा व्रण आतल्या थरापासून सुरू होतो, दाहाचा बहुधा बाहेरच्या बाजूला असतो. म्हणजे पुन्हा अनुमानच!

तेव्हा तंत्रज्ञ ‘श्वास रोखा’ म्हणाला की मनापासून रोखा. त्या अनुमानाची अर्धी भिस्त तुमच्यावर असते.