प्रत्येक मैना साळुंकी नसते!

पहिला पाऊस पडला, जमीन मऊ झाली आणि खाचरात नांगर किंवा पॉवर टिलर फिरू लागला की मागोमाग पाच-सात पाखरे न बोलावता कामावर हजर होतात. डोके काळे, चोच पिवळी, चाल अशी ऐटबाज की जणू गावचे पाटील! मातीचे ढेकूळ उलटले रे उलटले की खालची अळी, किडा, नाकतोडा टिपला म्हणून समजा. मजुरी नाही, जेवण नाही, तक्रार नाही. या पाखराला आपण साळुंकी म्हणतो, कुणी साळुंखी म्हणतो, कुणी नुसते मैना.

पण शेतकरी बंधू-भगिनींनो, एक प्रश्न विचारतो, रागावू नका. तुमच्या बांधावर बसलेली प्रत्येक मैना साळुंकीच असते का? पनवेल तालुक्यात करंजाडेच्या आसपास, गाढी नदीच्या काठाने सकाळी तासभर फिरलात आणि डोळे उघडे ठेवलेत तर वर्षभरात मैनांच्या पाच-सहा जाती सहज दिसतील. प्रत्येकीचे खाणे वेगळे, घर वेगळे, येण्याजाण्याचा हंगाम वेगळा. कुणाचे उपकार मोठे, कुणाचा त्रासही आहे. ज्याला हा फरक कळतो तो कुणाला हाकलायचे आणि कुणाला राहू द्यायचे हे ठरवू शकतो. ज्याला कळत नाही तो सगळ्यांवर एकच गोफण फिरवतो.

ओळख करून घ्या

साळुंकी तर घरचीच. अंग तपकिरी, डोके-मान काळी, चोच आणि पाय पिवळे. डोळ्याभोवती पिवळी कातडी असते, ही तिची खास खूण. उडाली की पंखावर पांढरा ठिपका ठळक दिसतो. एप्रिलपासून पावसाळा सरेपर्यंत तिचा विणीचा काळ. झाडाची ढोली, भिंतीतले भोक, कौलाखालची फट, काहीही चालते. अंडी चार-पाच, निळसर रंगाची. नर-मादी दोघेही पिलांना भरवतात.

आता तिच्यासारखीच दिसणारी, पण अंगाने जास्त राखाडी मैना दिसली तर जरा थांबा. डोळ्याभोवती पिवळी कातडी नाही, आणि चोचीच्या मुळाशी कपाळावर पिसांचा छोटासा तुरा उभा आहे? मग ती जंगली मैना. आपल्या भागातल्या जंगली मैनेचा डोळा निळसर-पांढरा असतो. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३२ साली या उपजातीचे शास्त्रीय वर्णन केले आणि नाव दिले ‘महरट्टेन्सिस’, म्हणजे मराठी मुलखातली. आपल्या मुलखाचे नाव मिरवणारे पाखरू आपल्याच बांधावर बसते आणि आपण त्याला साळुंकी समजून पुढे जातो!

तिसरी भांगपाडी मैना. साळुंकीहून लहान आणि नाजूक. डोक्यावर काळी पिसे मागे वळवलेली, तेल लावून भांग पाडावा तशी. अंग बदामी-तांबूस. उडताना पंखावर पांढरा ठिपका दिसत नाही. मुख्यतः जुन्या झाडाच्या ढोलीत घर करते, कधी भिंतीच्या भोकातही.

चौथी कबरी मैना, काळी-पांढरी. डोळ्याजवळची कातडी नारिंगी. ही मूळची उत्तर आणि पूर्व हिंदुस्थानातली. मुंबईच्या परिसरात ती पिंजऱ्यातून सुटलेल्या पाखरांपासून वाढली असे मानतात. तिची गंमत अशी की तिला ढोली लागतच नाही. झाडाच्या फांद्यांत गवत, काटक्या, चिंध्या यांचा भलामोठा गोळा बांधते. पेंढ्याचा भारा झाडावर कुणी टाकला असे वाटले तर खाली उभे राहून पाहा, बहुधा कबरीचे बिऱ्हाड असेल.

पाचवी राखी डोक्याची मैना. हिवाळ्यात थव्याने येते, पण जमिनीवर फारशी उतरत नाही. वड, पिंपळ, उंबर पिकला की त्यावर हिची गर्दी. डोके राखी, पोट तांबूस.

आणि सहावी भोरडी, हिलाच पळस मैना म्हणतात. अंग गुलाबी; डोके, पंख, शेपूट काळी. ही परदेशी पाहुणी. मध्य आशियात वीण उरकून पावसाळ्याच्या शेवटी येते आणि एप्रिलच्या सुमारास परत जाते. नवी पिल्ले मातकट रंगाची असतात, म्हणून थव्यात दोन जातींची पाखरे आहेत असा समज होतो. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा, पळस फुलला की फुलांतला मध पिण्यासाठी झुंबड उडते. चोच फुलात घातली की कपाळाला पराग लागतो आणि तोच पुढच्या झाडाला पोचतो.

क्वचित सातवीही भेटेल. निळसर राखाडी अंग, डोळ्यामागे विटकरी लाल कातडी. तिला इंग्रजीवरून बँक मैना म्हणतात. बँक म्हणजे पैशाची नव्हे हो, नदीचा काठ! काठाच्या मातीच्या दरडीत भोके पाडून ती वसाहतीने राहते.

इंग्रजीत ज्यांना स्टारलिंग म्हणतात ते पक्षी आणि आपल्या मैना हे एकाच घराण्यातले. नावे दोन, कूळ एक.

नफा-तोट्याचा हिशेब

साळुंकीच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘टोळांची शिकारी’ असा आहे, आणि हे नाव पोकळ नाही. १७६२ साली फ्रेंचांनी हिंदुस्थानातून साळुंक्या नेऊन मॉरिशस बेटावर सोडल्या. तिथे लाल टोळ पिके फस्त करीत होते. काही वर्षांत टोळांचा उपद्रव आटोक्यात आल्याची नोंद आहे. किडीवर तिचा शत्रू सोडण्याच्या जगातल्या जुन्या प्रयोगांत याची गणना होते. चीनच्या शिंजियांग प्रांतात गेली काही दशके भोरड्यांसाठी मुद्दाम दगड-विटांचे ढीग रचून घरट्यांची सोय करतात, कारण गवताळ रानातले टोळ त्या फस्त करतात. मे २०२० मध्ये विदर्भात टोळधाड आली तेव्हा धावपळ कशी झाली ते आपण वाचले आहेच. टोळ खाणारे पाखरू म्हणजे काय, हे अशा वेळी कळते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हिशेब खोटा ठरेल. घाटावर ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचा थवा कणसांवर पडतो. माळ्यावर बसून गोफण फिरवणाऱ्याला तिचे गुणगान ऐकवून चालणार नाही. साळुंकी पिकलेला पेरू, पपई, चिकू फोडते. घाणेरीची फळे खाऊन तिचे बी रानोमाळ पसरवते, हाही तोटाच. ऑस्ट्रेलियात १८६० च्या दशकात साळुंक्या किडीसाठी नेल्या आणि आज त्या तिथल्या देशी पाखरांच्या ढोल्या बळकावतात म्हणून लोक डोक्याला हात लावून बसलेत. जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत साळुंकीचे नाव आहे. पण ‘परक्या’ हा शब्द विसरू नका. तिथे ती परकी, इथे ती घरची. इथे तिच्या संख्येला आवर घालणारे ससाणे, साप, मांजरे आहेत, आणि तिच्या ताटात आपल्या पिकावरची कीड आहे.

मग करायचे काय? हंगाम पाहून वागायचे. भाताची कापणी झाली, अंगओलीवर वाल पेरला, घाटे अळीचा काळ आला की शेतात पक्षीथांबे उभे करा. बांबूची किंवा फांदीची इंग्रजी ‘टी’च्या आकाराची काठी, पिकाच्या वर हात-दीड हात, एकरी दहा-वीस. खर्च जवळजवळ नाहीच. कोतवाल आणि मैना त्यावर बसतील आणि अळी टिपतील. दाण्याचे पीक असेल तर दाणा भरू लागताच हे थांबे काढून घ्या, म्हणजे दाणे खाणाऱ्यांची आयती सोय होणार नाही. फळझाडे थोडी असतील तर घडांना पिशव्या बांधा. आणि फवारणीची घाई करू नका. विषारी औषधाने लडबडलेली अळी पिलांच्या चोचीत गेली तर आपलाच फुकटचा गडी आपण गमावतो.

ढोली गेली की घर गेले

आता करंजाडेकडे या. १९७० नंतर नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावे प्रकल्पात आली. करंजाडेची बरीचशी भातखाचरे सिडकोच्या वसाहतीखाली गेली. जिथे चिखलणी व्हायची तिथे आज सात मजली इमारती आहेत. माणसांच्या पुनर्वसनावर पुष्कळ बोलले गेले आणि बोललेच पाहिजे. पाखरांचे पुनर्वसन कोणी मागत नाही, कारण त्यांचा सातबारा नसतो.

इथेच जाती ओळखण्याचा उपयोग कळतो. साळुंकीला इमारतीतले पाइपाचे भोक चालते. कबरी विजेच्या खांबावरही गवताचा गोळा बांधून मोकळी होते. पण ज्यांना झाडाची ढोलीच हवी त्यांनी जायचे कुठे? ढोली नव्या रोपात नसते हो! आंबा, जांभूळ, वड पन्नास-साठ वर्षांचा व्हावा, फांदी मोडावी, तिथे कुजावे, तांबटाने कोरावे, तेव्हा कुठे एक ढोली तयार होते. म्हणून “एक झाड तोडले, पाच लावली” हा हिशेब कागदावर बरोबर आणि झाडावर चूक.

गावातल्या अधिकारी मंडळींना म्हणूनच विनंती. महाराष्ट्रात झाडे तोडण्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा १९६४ पासून आहे. तोडीचा अर्ज समोर आला की सही करण्याआधी एकदा झाडाखाली जाऊन वर बघा. ढोली आहे का? त्यात पाखरू ये-जा करते का? एप्रिल ते ऑगस्ट हा विणीचा काळ आहे का? रस्ता दोन हात सरकवता येत असेल तर सरकवा. धोक्याची फांदी तेवढी काढून खोड राखता येत असेल तर राखा. वाळलेले झाड म्हणजे फक्त सरपण नव्हे, ते चार कुटुंबांची चाळ असते.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागली. उघड्या कचऱ्यावर मैना, घारी, कावळे, बगळे जमतात आणि विमानाला पाखरू धडकणे ही गंमत नव्हे. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला विमान नियमांत मनाई आहे. करंजाडे तर अगदी शेजारी. तेव्हा ओला कचरा गावातच जिरवला तर गाव स्वच्छ, विमान सुरक्षित आणि “पाखरे हाकला” म्हणायची वेळही येणार नाही.

पिंजरा नको

शेवटी एक कानगोष्ट. पोरांना मैना पाळायची हौस असते, राघू-मैनेच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. पण हुबेहूब माणसासारखी बोलणारी प्रसिद्ध मैना ती डोंगरी मैना, आपल्या खाचरातली नव्हे. आणि कुठलीही देशी मैना पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. वाऱ्या-पावसात पिल्लू खाली पडलेले दिसले तर घरी नेऊ नका. अंगावर पिसे आलेली असतील तर जवळच्या झुडपावर ठेवा आणि कुत्र्या-मांजरांवर लक्ष ठेवून लांब व्हा. आईबाप आसपासच असतात.

पोरांची हौस पुरवायचीच तर त्यांना वही-पेन्सिल द्या. रविवारी सकाळी सहा ते सात, बांधावर किंवा वसाहतीच्या मैदानात उभे करा. कुठली मैना, किती, काय खात होती, कुठल्या भोकात गेली, एवढेच लिहायचे. दुर्बीण नको, फी नको. पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी सुगरणीचा अभ्यास केला तो आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला. रायगडच्या मातीत पाखरे पाहण्याची परंपरा आहे. पनवेलपासून थोड्या अंतरावरचे कर्नाळा अभयारण्य १९६८ पासून पाखरांसाठी राखलेले आहे. पण अभयारण्यात सगळी पाखरे मावत नाहीत, काहींना तुमचा बांधच हवा असतो.

दोन-तीन वर्षे ही वही नीट भरली तर ग्रामसभेत दाखवण्यासारखी होईल. कुठल्या आंब्यात भांगपाडी राहते, कुठल्या वडावर राखी मैना उतरतात, हे त्यात लिहिलेले असेल. मग रस्त्याचा नकाशा आला की “या झाडावर कोण राहते?” या प्रश्नाला गावाकडे उत्तर असेल. या पावसात नांगरामागे पाखरू आले तर एक करा. नांगर क्षणभर थांबवा आणि त्याच्या डोळ्याभोवती पिवळी कातडी आहे की नाही, तेवढे पाहून घ्या.