आडात नाही तर पोहऱ्यात कोठून?

गेल्या वर्षी बी.एस्सी.च्या अंतिम वर्षाला मी प्रकाशविद्युत परिणाम शिकवीत होतो. फळ्यावर आइनस्टाईनचे समीकरण लिहून झाले, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, परीक्षेतल्या पाच गुणांपलीकडे याचा उपयोग काय?" मी फोटोसेल आणि चित्रपटाची ध्वनिपट्टी ही उदाहरणे दिली. ती माझ्या विद्यार्थिदशेतली होती. त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. राहून गेलेले ते उत्तर आज येथे देत आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात स्टॅनफर्डजवळ 'स्लॅक' ही प्रयोगशाळा आहे. तेथील सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या सरळ रेषेतील त्वरकाचा शेवटचा एक किलोमीटर भाग घेऊन 'लिनॅक कोहेरंट लाइट सोर्स' नावाचे यंत्र उभारण्यात आले. १० एप्रिल २००९ रोजी त्यातून १.५ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा क्ष-किरण लेसर प्रथम निघाला. अणूंमधील अंतराएवढी तरंगलांबी असलेला हा प्रकाश रेणूंच्या हालचाली टिपू शकतो. परंतु मला सांगायचे आहे ते दोन वर्षे आधीचे, एप्रिल २००७ मधले. तेव्हा या यंत्राचा उगम, म्हणजे इलेक्ट्रॉन-तोफ व तिचा अतिनील लेसर, कार्यान्वित करण्यास प्रारंभ झाला.

इलेक्ट्रॉन मिळवायचे तर तार तापवावी, हा मार्ग आपल्याला ठाऊक आहे. पण तापलेली तार इलेक्ट्रॉन सतत ओकत राहते. हवे त्या क्षणी सुरू आणि दुसऱ्या क्षणी बंद असे तिला सांगता येत नाही. येथे तर काही पिकोसेकंद लांबीचा इलेक्ट्रॉनांचा पुंजका हवा असतो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग. एवढ्या चपळाईने उघडझाप करू शकतो तो प्रकाशच. म्हणून तांब्याच्या पत्र्यावर लेसरचे स्पंद सोडायचे आणि आइनस्टाईनने १९०५ साली सांगितलेल्या रीतीने इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे.

आता आपले समीकरण हाती घ्या. तांब्याचे कार्यफलन सुमारे ४.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. फोटॉनची ऊर्जा काढण्याची सोपी युक्ती म्हणजे १२४० ला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागणे. टायटॅनियम-सफायर लेसरचा प्रकाश ७६० नॅनोमीटरचा. त्याच्या फोटॉनची ऊर्जा १.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. असला प्रकाश तांब्यावर कितीही पडला तरी या मार्गाने इलेक्ट्रॉन सुटणार नाही. म्हणून तो विशिष्ट स्फटिकांतून नेऊन त्याची वारंवारता तिप्पट करतात. तरंगलांबी होते २५३ नॅनोमीटर व ऊर्जा ४.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे उंबरठ्याच्या किंचित वर. फार वर मात्र नको. उरलेली ऊर्जा इलेक्ट्रॉन आडव्यातिडव्या वेगाच्या रूपाने बरोबर नेतो, आणि पुंजका जन्मतःच विस्कटतो.

ही गरज किती, याचा हिशेब वहीत करून पाहा. पाव नॅनोकूलोम भार हवा, तर सुमारे १५६ कोटी इलेक्ट्रॉन लागतात. तांबे मोठे कंजूष. लाख फोटॉनांमागे एक इलेक्ट्रॉन सुटतो असे धरले, तर प्रत्येक स्पंदात सुमारे १२० मायक्रोज्यूल अतिनील प्रकाश प्रत्यक्ष तांब्यावर पोचला पाहिजे. स्फटिकांत, आरशांत व काचांत वाटेवर जे गळते ते वेगळेच. म्हणून मूळ लेसर त्याहून कितीतरी पट शक्तिमान लागतो. इतका लहान स्पंद थेट वाढवू गेल्यास वर्धकाचा स्फटिकच जळेल. त्यासाठी स्पंद आधी लांबवतात, मग वाढवतात आणि शेवटी पुन्हा आखडतात. ही युक्ती १९८५ साली डोना स्ट्रिकलंड व जेरार मुरू यांनी दाखविली, आणि २०१८ साली त्यांना तिच्याबद्दल नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

यंत्र कार्यान्वित करणे म्हणजे कळ दाबणे, असा आपला समज असतो. वस्तुतः तो महिनोन्‌महिने चालणारा प्रश्नोत्तरांचा खेळ आहे. पहिला प्रश्न वेळेचा. तोफेच्या पोकळीतील विद्युतक्षेत्र सेकंदाला २८५ कोटी ६० लाख आवर्तने करते. एक आवर्तन ३५० पिकोसेकंदांचे, म्हणून एक पिकोसेकंद म्हणजे जवळजवळ एक अंश. ठरलेल्या अंशावर स्पंद पोचला तरच पुंजका नीट निघतो. प्रकाश एका पिकोसेकंदात ०.३ मिलिमीटर जातो. म्हणजे प्रकाशाच्या वाटेची लांबी तांदळाच्या दाण्याच्या जाडीहून कमी बदलली, तरी वेळापत्रक चुकते. यासाठी लेसरखोलीचे तापमान काटेकोर राखावे लागते, आणि लेसरची लय त्वरकाच्या लयीशी विद्युत-मंडलाने बांधून ठेवावी लागते.

दुसरा प्रश्न आकाराचा. त्वरक भुयारात असतो आणि लेसर मात्र माणसाला वावरता येईल अशा खोलीत, म्हणून प्रकाश नळ्यांतून आरशांनी आत न्यावा लागतो. तांब्यावर पडलेला ठिपका निर्वात पोकळीत असल्याने जवळ जाऊन पाहता येत नाही. मग प्रकाशाचा एक छोटा हिस्सा वाटेत वळवून, तांब्याइतक्याच अंतरावर ठेवलेल्या कॅमेऱ्यावर पाडतात. त्याला आभासी ऋणाग्र म्हणतात. ठिपका वाटोळा आहे का, सर्वत्र सारखा उजळ आहे का, हे तेथे दिसते. अतिनील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण डोळे मात्र दुखावतो. म्हणून संरक्षक चष्मा, आणि दार उघडताच किरण तोडणारी कुलूपयंत्रणा, या गोष्टी प्रयोगाच्या आधी येतात.

तिसरा प्रश्न खुद्द इलेक्ट्रॉनांना विचारायचा. लेसरची वेळ अंशाअंशाने सरकवीत किती भार बाहेर पडतो याचा आलेख काढतात. भार जेथून दिसू लागतो तेथून वेळेचे शून्य ठरते. मग लेसरची ऊर्जा वाढवीत भार मोजतात. त्या रेषेच्या चढावरून तांब्याचा कंजूषपणा कळतो. हा आलेख आपल्या बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाचाच थोरला भाऊ आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? पुंजक्यातील इलेक्ट्रॉन किती जागेत आणि किती कोनांत पसरले आहेत, याच्या एकत्रित मापाला एमिटन्स म्हणतात. या यंत्राला ते सुमारे एक मायक्रोमीटर हवे होते. लेसरच्या ठिपक्यात कोठे डाग असेल, तर तेथे इलेक्ट्रॉन दाट होतात, एकमेकांना विषमपणे ढकलतात आणि एमिटन्स वाढतो. पुढे किलोमीटरभर त्वरण करून ऊर्जा १४ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेली, तरी ऊर्जेच्या प्रमाणात मोजलेला हा पसारा आपोआप कमी होत नाही. एम.एस्सी.ला शिकवला जाणारा लिउव्हिलचा सिद्धांत त्याच्या आड येतो. त्वरक वेग देईल, शिस्त देणार नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार!

असे उगम आता अनेक देशांत आहेत. आपल्याकडे नवी दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्राने याच तत्त्वावरील यंत्राची उभारणी हाती घेतली, आणि ते केंद्र विद्यापीठांतील विद्यार्थ्यांसाठीच आहे. मागच्या बाकावरील मित्राने हे ध्यानात ठेवावे.

शेवटी एक कबुली. काही वर्षांपूर्वी प्लँकच्या स्थिरांकाच्या प्रयोगात मुलांची वाचने विचित्र येत होती. तास संपत आला होता. "असू द्या, आलेख काढताना जुळवून घेऊ," असे मीच म्हणालो. जर्नलमध्ये रेषा सरळ आल्या, मी सह्या केल्या. परीक्षेनंतर कपाट आवरताना पाहिले तर प्रकाश-गाळणीवर बोटांचे ठसे होते. एक फडके आणि दोन मिनिटे पुरली असती. त्या तुकडीला मी चुकीच्या संख्यांपेक्षाही वाईट गोष्ट शिकवली होती: उगमाशी झालेला दोष पुढे झाकता येतो, ही. या वर्षी पहिला तास मी काचा पुसण्यात आणि शून्य वाचन घेण्यात घालवला. एकही आलेख झाला नाही. तो तास वाया गेला असे मला वाटत नाही.