पुढच्या चाकाचा ‘खट्’ आवाज काय सांगतो?

पावसाळा सरत आला की शहरातील दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘गाडी पुढून खटखट वाजते.’ चार महिने खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि पाण्याखाली दडलेले गतिरोधक झेललेल्या मोटारसायकलीची ही कुरकुर स्वाभाविकच म्हणावी लागेल. मात्र तक्रार एका वाक्याची असली, तरी तिची कारणे अनेक असतात. घाईघाईने शॉकअप उघडले जातात, ऑइल सील बदलले जातात, बिल चुकते होते आणि घरी परतताना पहिल्याच गतिरोधकावर तोच आवाज पुन्हा कानी पडतो.

वाया गेलेल्या पैशांपेक्षाही अधिक गंभीर बाब निराळी आहे. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकावर सरकतो आणि गाडी थांबविण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेक करतो. गाडी वळविण्याचे कामही पुढच्याच भागाचे. त्यामुळे येथील आवाजाकडे दुर्लक्ष करणे अथवा त्याचे निदान चुकणे, दोन्ही जोखमीचे ठरते.

निदानाची सुरुवात आवाज कोठून येतो यापेक्षा तो केव्हा येतो, या प्रश्नापासून करावी. चासी, फोर्क आणि हँडल हे सारे धातूचे असल्याने आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सहज पोहोचतो. हँडलखालचा ठोका चाकातून आल्यासारखा भासतो. आवाजाची वेळ मात्र सहसा फसवत नाही.

आधी बाहेरची तपासणी

कोणताही भाग उघडण्यापूर्वी मडगार्ड, हेडलाइट, हॉर्न, नंबरप्लेट आणि लेगगार्ड यांचे नट-बोल्ट हाताने हलवून पाहावेत व पान्ह्याने आवळावेत. मडगार्डचा एक सैल बोल्ट खराब रस्त्यावर शॉकअप निकामी झाल्याचा आभास निर्माण करू शकतो. हँडल पूर्ण वळविताना केबल कोठे घासते काय, हेही पाहावे. या तपासणीला दहा मिनिटे लागतात आणि खर्च काहीच येत नाही.

ब्रेक लावताच ‘खट्’

कमी वेगात पुढचा ब्रेक लावताच एकच ठोका जाणवत असेल, तर पहिला संशय कोनसेटवर घ्यावा. हँडलचा दांडा चासीच्या नळीत ज्या वरच्या व खालच्या बेअरिंगवर फिरतो, त्या बेअरिंगच्या जोडीला गॅरेजच्या भाषेत कोनसेट म्हणतात. अनेक गाड्यांत वाट्यांमध्ये छर्रे बसविलेले असतात. खड्ड्यांच्या धक्क्यांनी हे छर्रे वाट्यांवर खळगे पाडतात, ग्रीस धुऊन जाते आणि जोडणीत ढिलेपणा येतो.

याची चाचणी घरीही करता येते. इंजिन बंद ठेवून पुढचा ब्रेक घट्ट दाबावा आणि हँडल पुढे-मागे ढकलावे. दुसऱ्या व्यक्तीने हँडलखाली, चासीची नळी व फोर्कची पट्टी यांच्या फटीवर बोट ठेवावे. तेथे हालचाल जाणवली, तर कोनसेट सैल आहे असे समजावे. मात्र डिस्क ब्रेकचे पॅडही या चाचणीत किंचित हलून ‘टक्’ वाजतात. म्हणून दुसरी चाचणी ब्रेक न दाबता करावी. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचा भाग कोणाला तरी दाबून धरावयास सांगावा, म्हणजे पुढचे चाक अधांतरी राहील. मग फोर्कचे खालचे टोक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवावे. मेन स्टँड नसलेल्या गाडीची ही तपासणी गॅरेजमध्येच करवून घेणे श्रेयस्कर.

चाक अधांतरी असतानाच हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवावे. मध्यभागी ते खाचेत अडकल्यासारखे थांबत असेल, तर वाट्यांवर खळगे पडले आहेत. अशा वेळी आवळून उपयोग नाही. छर्रे, वाट्या आणि कोन असा पूर्ण संच बदलावा. जुन्या वाट्यांत केवळ नवे छर्रे घालणे ही तात्पुरती मलमपट्टी होय. खाच नसेल आणि केवळ ढिलेपणा असेल, तर खेळ नाहीसा होईपर्यंतच नट आवळावा. प्रमाणाबाहेर आवळल्यास हँडल जड होते आणि कमी वेगात गाडी झुलू लागते. चाक अधांतरी असताना हलक्या धक्क्याने हँडल स्वतःच्या भाराने दोन्ही बाजूंना वळले, तर जुळणी योग्य झाली असे मानावे. वरचा नट घट्ट केल्यावर ही जुळणी बदलू शकते, म्हणून अखेरीस ती पुन्हा तपासावी.

खड्ड्यात आदळताना

ब्रेकशी संबंध नसलेला आणि केवळ खड्ड्यात वा गतिरोधकावर येणारा आवाज फोर्ककडे, म्हणजेच बोलीभाषेतील पुढच्या शॉकअपकडे निर्देश करतो. १९३५ साली बीएमडब्ल्यू कंपनीने आर १२ या मोटारसायकलीला तेलाच्या साह्याने धक्के शमविणारा टेलिस्कोपिक फोर्क बसविला. नळीत सरकणारी नळी, आत स्प्रिंग आणि तेल, ही रचना आजही बहुतांश मोटारसायकलींत आढळते. स्प्रिंग धक्का झेलते आणि तेल तिची उसळी आवरते. तेल गळून कमी झाले, की फोर्क पूर्ण दबताना अथवा उसळी घेताना धातूवर धातू आपटतो.

चकचकीत नळीवर तेलाचे कडे दिसल्यास ऑइल सील गेले आहे. तथापि नळीवर गंजाचे टिपके किंवा ओरखडे असतील, तर नवे सीलही थोड्याच दिवसांत फाटते. त्यामुळे नळीची तपासणी आधी करावी. दोन्ही बाजूंचे तेल एकाच वेळी, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचे आणि मापाने भरावे. इंजिन ऑइल हा त्याला पर्याय नव्हे. गळणारे तेल डिस्कवर अथवा ब्रेक लायनरवर उतरले असेल, तर दुरुस्तीपूर्वी गाडी रस्त्यावर आणू नये.

वेगाबरोबर वाढणारी घरघर

रस्ता गुळगुळीत असूनही वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. अधांतरी चाक वर-खाली धरून आडवे हलविल्यास खेळ जाणवतो आणि चाक फिरविताना फोर्कवर हात ठेवल्यास खरखर कळते. बेअरिंग जोडीने बदलावीत. केबलवर चालणाऱ्या स्पीडोमीटरच्या गाडीत बारीक चिवचिव ऐकू येऊन काटा थरथरत असेल, तर केबल वा चाकाजवळचा गिअर कोरडा पडला आहे. तेथे वंगण पुरेसे असते. तारांच्या चाकात ‘टिकटिक’ येत असल्यास सैल तारा शोधाव्यात.

ब्रेकचा स्वतःचा आवाज

पावसात भिजलेली डिस्क पहिल्या काही वेळा किंचाळते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. परंतु सततची धातू घासल्यासारखी खरखर म्हणजे पॅड संपल्याची खूण होय. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. अशा गाडीत निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावताना लिव्हरमध्ये जाणवणारी धडधड हा बिघाड नसून यंत्रणेचे काम होय.

पंक्चरनंतर सुरू झालेला आवाज

पुढचे चाक काढून बसविल्यानंतर आवाज सुरू झाला असेल, तर तपासणी तत्काळ करावी. बुश उलट-सुलट बसणे वा ॲक्सलचा नट सैल राहणे ही नेहमीची कारणे. ड्रम ब्रेकच्या अनेक गाड्यांत ब्रेक प्लेटची खाच फोर्कवरील उंचवट्यात नेमकी बसावी लागते. ती न बसल्यास ब्रेक लावताच प्लेट चाकासोबत फिरू पाहते आणि चाक अडकून अपघात ओढवू शकतो. चाक बसविले जात असताना एवढी एक गोष्ट मालकाने स्वतः डोळ्यांनी पाहून घ्यावी.

गॅरेजमध्ये ‘पुढून आवाज येतो’ असे सांगितल्यास मेकॅनिकला अंदाज बांधावा लागतो. ‘कमी वेगात पुढचा ब्रेक लावला, की एकदाच खट् वाजते’ असे सांगितल्यास त्याचा हात थेट कोनसेटकडे जातो. दुरुस्तीनंतर मेकॅनिकसमोर तोच वेग आणि तोच ब्रेक यांची पुन्हा चाचणी घ्यावी आणि मगच बिल चुकते करावे.