एक मंदिर, दोन घराणी

पाली गावाजवळ बिंदुसरा नदीवर धरण आहे. त्याच परिसरात, सोलापूर-धुळे महामार्गालगत, खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकात निजामशाहीतील सरदार सलाबतखानाने ती बांधवली. तिच्या कर्त्याबद्दल वाद नाही. बीडच्या पूर्वेकडील टेकडीवरच्या खंडोबा मंदिराचे मात्र तसे नाही. हेमाडपंती धाटणीचे हे मंदिर आणि त्यापुढच्या दोन उंच दीपमाळा कोणी उभारल्या, याच्या दोन कथा आहेत.

एक कथा सुलतानजी निंबाळकरांचे नाव घेते. ते निजामाचे सरदार आणि बीडचे जहागीरदार. ज्याच्याकडे गावचा वसूल, त्यानेच देऊळ बांधले, हा या कथेमागचा सरळ हिशेब.

दुसरी कथा महादजी शिंद्यांची. त्यांची सत्ता उत्तरेत, उज्जैन-ग्वाल्हेरकडे, कुलदैवत जोतिबा. मग बीडच्या खंडोबाशी त्यांचे नाव कसे जुळले? दुवा आहे सूफी संत मन्सूरशहांचा. 1761 साली पानिपतावर महादजी जखमी झाले, तेव्हा त्यांच्या पत्नीने मन्सूरशहांकडे दुवा मागितली, असे बीडमध्ये सांगतात. पुढे महादजींनी त्यांना ग्वाल्हेरला बोलावले. त्यांनी स्वतः न जाता मुलाला पाठवले. मन्सूरशहांचा दर्गा बीडमध्येच आहे आणि शिंदे घराण्याची त्यांच्यावरील श्रद्धा सर्वश्रुत आहे.

म्हणजे मंदिराच्या कर्त्याचे एक नाव जहागिरीच्या वाटेने आले आणि दुसरे बहुधा दर्ग्याच्या. पहिल्या कथेत अधिकाराची आठवण आहे, दुसरीत कृतज्ञतेची. बांधकामाचा निवाडा शिलालेख किंवा दप्तरातील कागदच करू शकतील. पण गावाने कोणाला आपले मानले, हे या कथांखेरीज दुसरीकडे सापडणार नाही.

आयर्लंडमध्ये 1937 ते 1939 या काळात शाळकरी मुलांकडून वडीलधाऱ्यांच्या कथा वह्यांत उतरवून घेतल्या गेल्या. जमीनदारांचे वाडे, जुनी प्रार्थनास्थळे यांच्याविषयीच्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या कथाही त्यांत राहिल्या. खरी-खोटी ठरवण्याआधी त्या नोंदवल्या गेल्या, हे महत्त्वाचे. बीडच्या या दोन कथांनाही तशीच वही हवी. उद्या त्यांतले एकच नाव पाटीवर चढले, तर दुसऱ्यासोबत एका देवळाला दर्ग्याशी जोडणारी वाटही बुजेल.