शब्दांचा माग : ट्रेलब्लेझरच्या हातात काय असते?

आज पाळी मशालीची होती. पण गेल्या लेखात 'ब्लेझ' या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ 'मशाल' असा जाता जाता देऊन टाकला आणि एका वाचकांनी लगेच पकडले: मग ट्रेलब्लेझर म्हणजे मशाल घेऊन पुढे चालणारा, हे उघडच आहे, त्यात सांगण्यासारखे काय उरते? पुष्कळ उरते. ट्रेलब्लेझरच्या हातात मशाल नाही, कुऱ्हाड आहे. तेव्हा मशाल पुढच्या आठवड्यावर ढकलतो.

जुन्या इंग्रजीतला मशालीचा, भडकलेल्या जाळाचा शब्द म्हणजे आजचा आगीचा ब्लेझ. घोड्याच्या कपाळावरून नाकाकडे उतरणारा पांढरा पट्टा हाही ब्लेझच. पण तो इंग्रजीत दिसू लागतो सतराव्या शतकात, आणि त्याचे सख्खे भाऊ डच 'ब्लेस' आणि जुन्या नॉर्समधला 'ब्लेसी'. आपल्याकडे असाच पांढरा ठिपका बैलाच्या कपाळावर असला की तो चांद्या होतो. आपल्याला तिथे चंद्र दिसला, आग नाही. पुढे उत्तर अमेरिकेतले वसाहतवाले रानात वाट चुकू नये म्हणून बुंध्यावर कुऱ्हाडीचा घाव घालून सालीचा टवका उडवू लागले. काळपट सालीत आतले पांढरे लाकूड उघडे पडे, थेट घोड्याच्या कपाळावरच्या पट्ट्यासारखे. त्या खुणेला नाव पडले ब्लेझ, आणि खुणा करत जाणारा तो ट्रेलब्लेझर. आग आणि पांढरा पट्टा ही दोन्ही फार मागे 'चकाकणे, पांढरे दिसणे' अशा अर्थाच्या एकाच जर्मानिक मुळापाशी मिळत असावीत. जर्मनमध्ये 'ब्लास' म्हणजे फिकट. तरी ट्रेलब्लेझरपर्यंत शब्द आला तो घोड्याच्या कपाळावरून, चुलीवरून नव्हे. तिसरा ब्लेझ तर या घराण्यातलाच नाही. बातमी 'ब्लेझ' करणे म्हणजे ती जगजाहीर करणे. हे क्रियापद फुंकण्याच्या डच शब्दाचे, 'ब्लो' आणि 'ब्लास्ट' यांच्या गोतावळ्यातले. आपण दवंडी पिटली, त्यांनी तुतारी फुंकली, एवढाच फरक.

यावर हरकत येते ती अशी: बातमी वणव्यासारखी पसरतेच की! आगीचा अर्थ इतका चपखल बसत असताना तुतारी कशाला हवी? पण अर्थ चपखल बसणे हा व्युत्पत्तीतला सर्वांत कच्चा पुरावा. त्यासाठी लांब जायला नको, मराठीच पाहा. चुलीतला जाळ आणि कोळ्याचे जाळे यांचे नाते लावायला कल्पक माणसाला अर्धा मिनिट पुरेल: जाळ चहूबाजूंनी वेढतो, जाळेही वेढते. शब्दांचा प्रवास मात्र वेगळेच सांगतो. संस्कृतातल्या जोडाक्षरातला 'व' मराठीत येईतो पुष्कळदा गळतो, जसे द्वाराचे दार झाले. त्याच रीतीने 'ज्वाल'चा 'जाल' झाला. दोन स्वरांमधला एकेरी 'ल' आपल्याकडे 'ळ' होतो: फल, फळ; काल, काळ. म्हणून 'जाल'चा जाळ. याउलट कालचा दिवस 'कल्य'वरून, मधल्या काळात 'ल' दुहेरी होऊन आला, म्हणून तो 'काल'च राहिला, काळ झाला नाही. मासे धरायचे संस्कृत 'जाल' मुळातच 'व'विना होते. तेही याच नियमाने 'ळ'पाशी आले. दोन वाटसरू दोन गावांहून निघाले आणि एकाच धर्मशाळेत उतरले, म्हणून ते भाऊ ठरत नाहीत. खूण अजून अंगावर आहे: तो जाळ, ते जाळे. 'जळ' म्हणजे पाणी आणि 'जळणे' म्हणजे पेटणे, ही जोडी तर त्याहून बोलकी. इथे अर्थावरून नाते लावायला जाल तर पाण्याला आग लावावी लागेल.

मग शब्द एकच की अनेक हे ठरवताना अर्थ टाकूनच द्यायचा का? तसेही नाही. ब्लेझर हा कोट खरोखरच आगीच्या घरातला आहे. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातल्या लेडी मार्गारेट बोट क्लबची जाकिटे इतकी लाल होती की अंगावर पेटल्यासारखी दिसत. 'ब्लेझर' नावाच्या जहाजाच्या कप्तानाने खलाशांना पट्ट्यापट्ट्यांची जाकिटे घातली, अशी दुसरी कथा सांगतात. मला ती नावावरून मागाहून बेतलेली वाटते. आपणही 'लालभडक' म्हणतो, 'भडक रंग' म्हणतो, तेव्हा भडक्याचाच आधार घेतो. आणखी एक हरकत खरोखर वजनदार आहे: बोलणाऱ्याला हे तिन्ही ब्लेझ एकच वाटत असतील, तर कोशकाराने ते वेगळे का ठेवावेत? वाटण्याचा परिणाम होतो, हे मान्य. तुतारीच्या ब्लेझवर ढालीवरच्या मानचिन्हाच्या 'ब्लेझन'ची छाया पडलीच. पण छाया कोणाची कोणावर पडली हे कळायला आधी दोघे वेगळे उभे करावे लागतात, आणि त्यासाठी कोणता वापर कोणत्या ग्रंथात कधी आला, याची नोंद लागते.

संस्कृत शब्दांच्या अशा नोंदींचे एक फार मोठे घर आपल्याच पुण्यात आहे. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवरच्या संस्कृत कोशाचे काम सुरू केले. सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द वेचले गेले, चिठ्ठ्या जवळपास एक कोटी झाल्या. चिठ्ठीवर शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, ग्रंथाचे नाव आणि ठिकाण. अशा चिठ्ठ्या ओळीने लोखंडी खणांत लावलेल्या. शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या काळाच्या क्रमाने मांडल्या की अर्थ कुठे वळला ते दिसते, आणि कुठे वळलाच नाही, दुसराच शब्द शेजारी येऊन बसला, तेही दिसते. तर्काला इथे चिठ्ठीची परवानगी लागते. याच कॉलेजात रामकृष्ण गोपाळ भांडारकर संस्कृत शिकवीत. 'ज्वाल'चा जाळ होताना पाहिले तसे संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत ध्वनी कसे बदलले, हे त्यांनी १८७७ च्या विल्सन व्याख्यानांत मांडले होते. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये छापून आला. छापील खंड अजून 'अ'मध्येच आहेत. 'ज्वल्'च्या चिठ्ठ्या खणातच आहेत.